न फिरणारी किल्ली

किल्ली ही फिरवण्यासाठी असते, अशी माझी लहानपणापासूनची समजूत आहे. कपाटाची किल्ली फिरवली की कपाट उघडते, घड्याळाची फिरवली की घड्याळ चालते आणि मोटारीची फिरवली की मोटार सुरू होते. परंतु न्यू जर्सीला चिरंजीवांकडे सहा महिने राहायला गेलो आणि पाहतो तो काय, त्यांच्या मोटारीला किल्ली आहे, पण ती फिरवायला भोकच नाही! किल्ली म्हणजे काळ्या प्लॅस्टिकची, साबणाच्या लहान वडीएवढी एक डबी. ती खिशात असली म्हणजे झाले. ब्रेकवर पाय ठेवायचा, समोरचे बटण दाबायचे, की गाडी चालू!

ही गाडी म्हणजे तिकडची मिनिव्हॅन. नाव ‘मिनि’ असले तरी तीत सात माणसे ऐसपैस बसतात. १९८३ च्या नोव्हेंबरात क्रायस्लर कंपनीच्या कॅनडातील विंडसरच्या कारखान्यातून या जातीची पहिली गाडी बाहेर पडली. ली आयाकोका आणि हॅल स्पर्लिच हे दोघे आधी फोर्ड कंपनीत होते. तिथे ही कल्पना मालकांच्या मनास आली नाही. क्रायस्लरने ती उचलली आणि डबघाईला आलेल्या त्या कंपनीला चांगलाच हात मिळाला. २००० साली तर अमेरिकेत अशा तेरा लाखांहून अधिक गाड्या खपल्या. पुढे लोकांना उंच, रुबाबदार गाड्यांचा मोह पडला. पण पदरी मुलेबाळे असलेला आणि सहा महिन्यांसाठी आईवडील यायचे असलेला गृहस्थ अजून मिनिव्हॅनच घेतो. मंडळाच्या गणपतीची मूर्ती, पेटी-तबला, फराळाचे डबे आणि पेंगुळलेली पोरे या सर्वांना एकदम पोटात घेणारी दुसरी गाडी कोणती?

म्हणूनच ती रुसली की सारे घर अडते. तिकडे चार मराठी मंडळी जमली की पहिला विषय मुलांच्या शाळा आणि दुसरा विषय मिनिव्हॅनचा गिअरबॉक्स! कुणाची गाडी सिग्नलवरून निघताना धक्का देते, कुणाची हळू चालताना घोटाळते. चिरंजीवांची गाडी या दोन्ही कलांत पारंगत होती.

जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक नावाचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स आणला, तेव्हा त्यात चार गिअर होते. आता नऊ आणि दहासुद्धा असतात. गिअर जास्त, म्हणजे इंजिनाला सोयीच्या वेगात ठेवता येते आणि पेट्रोल वाचते. हिशेब अगदी बरोबर आहे. पण आता गिअर निवडतो तो गाडीतला कॉम्प्युटर. मोकळ्या रस्त्यावर त्याचे उत्तम चालते. गर्दीत मात्र, पंगतीत कोणत्या पाटावर बसावे हे न कळलेल्या पाहुण्यासारखी त्याची स्थिती होते. दुसऱ्यावर जातो, तिसऱ्याकडे बघतो, परत दुसऱ्यावर येतो. आणि प्रत्येक वेळी मागच्या बाकावर आमच्या सौ.च्या कमरेला हिसका बसतो.

चिरंजीव तीनदा गाडी दुरुस्तीला घेऊन गेले. मी बरोबर होतो. मला वाटले होते, कोणीतरी हात काळे केलेला मिस्त्री येईल, गाडी चालवून पाहील, कान देईल. तिथे एक स्वच्छ कपड्यांतला तरुण आला. त्याने गाडीला वायर जोडली, पडद्याकडे पाहिले आणि हसून म्हणाला, “एकाही दोषाची नोंद नाही. गाडी नॉर्मल आहे.” पोट दुखते म्हणणाऱ्या माणसाला ‘नाडी ठीक आहे’ असे सांगून घरी पाठवावे, तसे आम्ही परतलो. दुसऱ्या खेपेस त्यांनी गाडीतला प्रोग्रॅम बदलून दिला. तिसऱ्या खेपेस “या गाड्या अशाच असतात” हे ज्ञान दिले.

“बाबा, धक्का बसतो तो मला, आणि तो बसला की नाही हे ठरवतो तो पडदा!” परतताना चिरंजीव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण त्यांचा खरा राग पैशांचा नव्हता हे माझ्या ध्यानात आले. आपल्या अनुभवाला कोणी खोटे पाडले, म्हणजे माणूस असाच हळू बोलतो.

गिअरच्या धक्क्यांनी कंबर दुखते. किल्लीने मात्र आमच्या तोंडचे पाणी पळवले. गेल्या जानेवारीत एका रात्री अडीच वाजता सूनबाईंना कळा सुरू झाल्या. बाहेर हिमाचे ढीग. हॉस्पिटल अकरा मैलांवर. सगळे गाडीत बसलो, चिरंजीवांनी बटण दाबले आणि पडद्यावर अक्षरे उमटली, ‘किल्ली सापडत नाही.’ किल्ली त्यांच्या हातात होती! त्यांनी ती उंच धरली, झटकली, पुन्हा बटण दाबले. तीच अक्षरे. माझ्या मामांची जुनी गाडी अशी अडली की ते हँडल मारायचे, आम्ही पोरे धक्का द्यायचो. इथे कशाला धक्का देणार? सौ. पुटपुटत रामरक्षा म्हणू लागल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून, दोन कळांच्या मधल्या उसंतीत, सूनबाई म्हणाल्या, “अहो, किल्लीचा सेल गेलाय. किल्लीच बटणाला टेकवा आणि तिनेच दाबा. पुस्तकात आहे!” चिरंजीवांनी देवाला नैवेद्य दाखवावा तशी ती डबी बटणाला टेकवली, आणि गाडी सुरू झाली. पहाटे पाच वाजता नात झाली. दोघीही सुखरूप.

नंतर सूनबाईंनीच मला त्यातले इंगित सांगितले. एरवी गाडी साद घालते आणि किल्ली आपल्या सेलच्या जोरावर रेडिओलहरींनी ओ देते. सेल मेला की ओ बंद. पण किल्लीत आणखी एक चिमुकली चकती असते. अगदी जवळ नेली की तिला गाडीकडूनच लागेल तेवढी वीज मिळते आणि ती ओळख पटवते. सोय होती, उत्तम होती. फक्त पडद्याने ती सांगितली नाही. ‘सापडत नाही’ म्हणण्याऐवजी ‘टेकवून पाहा’ एवढे म्हटले असते, तर काय बिघडले असते?

मी यंत्रांचा वैरी नाही. हँडल उलटून मनगटे मोडत, तो त्रास चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरने १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीतून संपवू घातला, हे उपकारच. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची चालही काही अनादी नव्हे. क्रायस्लरने ती १९४९ मध्ये आणली. त्यापूर्वी बऱ्याच गाड्यांत स्टार्टरचे बटणच असे. तेव्हा बटण परत आले याचे मला दुःख नाही. पण किल्ली उलटी फिरवून काढली की इंजिन बंद झाले, हे बोटांना कळत असे. आता किल्ली खिशात राहते आणि गाडीचे इंजिन इतके मवाळ झाले आहे की चालू आहे की बंद, हे थकल्या माणसाला उमगत नाही. हायब्रिड गाडीत तर इंजिन गप्प होते आणि मागाहून आपले आपण पुन्हा सुरू होते. तिकडे गॅरेज घराच्या पोटातच असते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. अशा बिनकिल्लीच्या गाड्या चालू राहून २००६ पासून दोन डझनांहून अधिक माणसे दगावल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ मध्ये छापले होते. त्यांत म्हातारी माणसे बरीच. ते वाचल्यावर मला काही वेळ झोप आली नाही. आमची निजायची खोली गॅरेजच्या बरोबर वर होती.

यंत्र बिघडते, त्याला इलाज नाही, माणसेही बिघडतात. पण घरच्या माणसाचे दुखणे आपल्याला कळते, कारण ते कण्हते. ज्याच्यावर सात जिवांचा भार टाकायचा, त्या यंत्राने निदान कण्हावे, आणि ते कण्हले तर कारखान्यातल्या माणसाने पडद्याऐवजी मालकाच्या तोंडाकडे पाहावे, एवढीच आमच्यासारख्यांची मागणी आहे.

ती पुरी होईपर्यंत आमच्या घराने आपला बंदोबस्त केला आहे. चिरंजीवांनी जिन्याच्या तोंडाशी विषारी वायू ओळखणारी घंटा बसवली. आणि सूनबाईंनी, सौ.नी पुण्याहून नेलेल्या कालनिर्णयावर, संकष्टीच्या खालच्या चौकोनात लाल शाईने लिहून ठेवले आहे : ‘किल्लीचा सेल बदलणे.’