कष्टाचा पैसा कोणाच्या हातीं ?

भाईंदर पूर्वेस नवघर रस्त्यावर सायंकाळीं भाजी घ्यावयास गेलें असतां खिशांतून रोकड काढणारा मनुष्य आतां विरळाच दृष्टीस पडतो. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठींहि लोक मोबाईल पुढें करितात, आणि पैसे पोंचल्याची वर्दी विक्रेत्याजवळील पेटी मोठ्यानें देते. सन २०१६ मध्यें सुरू झालेल्या ‘यूपीआय’ पद्धतीनें ही सोय घडविली. ती मोठी आहे, हें आम्ही प्रारंभींच मान्य करितों.

तथापि तिची एक बाजू आमच्या वाचक भगिनींपुढें मांडणें अवश्य वाटतें. आमच्या इमारतींत घरकामास येणाऱ्या एक बाई वेतन रोखच मागतात. नोटा आणून ठेवण्याच्या त्रासानें कांहीं घरीं कुरकुर होते. ‘आजच्या काळीं हा हट्ट कसला?’ असा प्रश्न निघतो. आम्हीं त्यांस कारण विचारिलें. त्या म्हणाल्या, “मास्तर, खातं माझ्या नावावर हाय, पण नंबर नवऱ्याचा. पगार जमा झाला की आधी त्येच्या खिशात वाजतं. पोरीच्या फीला मग काय उरतंय?”

ह्या उत्तरांत पुष्कळ अर्थ आहे. २८ ऑगस्ट २०१४ रोजीं आरंभिलेल्या जनधन योजनेंतील निम्म्याहून अधिक खातीं स्त्रियांच्या नांवें आहेत, ही गोष्ट अभिमानास्पद खरी. परंतु तिजोरी एकीच्या नांवें आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीस, अशी स्थिति असेल तर त्या नांवाचा उपयोग काय? आज ती किल्ली म्हणजे खात्यास जोडलेला मोबाईल होय.

मनूनें स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. कात्यायनानें मात्र स्त्रीनें शिल्पकर्मानें मिळविलेल्या द्रव्यावर पतीचें स्वामित्व मानिलें. हिंदु उत्तराधिकार अधिनियम, १९५६, ह्याच्या १४ व्या कलमानें हा भेद पुसला; स्वतःच्या कौशल्यानें वा श्रमानें मिळविलेल्या धनाची स्त्री पूर्ण स्वामिनी ठरली. कायद्यानें जें दिलें, तें एका दूरध्वनिक्रमांकानें हिरावून घ्यावें, हें कोणासहि रुचणार नाहीं.

उपाय कठीण नाहीं. मूलभूत बचत खात्यांत किमान शिल्लक ठेवावी लागत नाहीं. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनसाठीं रिझर्व्ह बँकेनें मार्च २०२२ मध्यें ‘यूपीआय १२३पे’ ही व्यवस्था सुरू केली. तेव्हां त्या बाईंचा स्वतःचा साधा फोन, त्याचाच क्रमांक खात्यास जोडलेला, डेबिट कार्ड त्यांच्याजवळ आणि गुप्त क्रमांक केवळ त्यांनाच ठाऊक, इतकें साधलें म्हणजे झालें. एखाद्या सकाळीं त्यांच्यासमवेत बँकेंत जाऊन अर्ज भरून देणें कोणाहि गृहिणीस अशक्य नाहीं. मात्र त्यांची इच्छा आधीं विचारावी. घरांतील कलह त्यांनाच सोसावा लागतो.

तोंवर वेतन रोखीनें, आणि न कुरकुरतां द्यावें. ज्या हातानें श्रम केले त्याच हातीं मोल पडलें, म्हणजेच आपण देणें दिलें असें म्हणतां येईल.