तेलकट, तरीही कोरडी

कोकणातून जयपूरला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच हिवाळ्यात एक कोडे पडते. कपाळ व नाक तेलाने चमकत असते, मुरुमेही हटलेली नसतात. तरी गालांवर आणि ओठांच्या कडेला पांढुरके, कोंडा सुटणारे चट्टे उमटतात. त्वचा तेलकट, मग कोरडी कशी?

चेहऱ्यावर चमकते ते तैलग्रंथींतून पाझरणारे सीबम. त्वचेतले पाणी रोखण्यात त्याचा वाटा अल्प. ते काम सर्वांत वरच्या थराचे. त्याची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागाएवढी. मृत पेशी या त्याच्या विटा, तर सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हा मधला चुना. चुना निसटला की पाणी बाहेर झिरपते आणि हवा जितकी कोरडी तितका हा ओघ वाढतो. कोकणच्या दमट हवेत झाकलेली उणीव जयपूरमध्ये उघडी पडते.

चुना निसटण्यास बहुधा मुरुमांवरचे उपायच कारण ठरतात. त्वचेचा सामू सुमारे ५, साध्या साबणाचा ९ ते १०. त्यावर बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलीन, आणि राजस्थानात सहज मिळणारी मुलतानी माती. तिचा लेप ताणला जाईपर्यंत ठेवण्याची हौस दुखावलेल्या त्वचेला परवडत नाही. मराठी घरातले हुकमी खोबरेलही येथे नको; ते छिद्रे बुजवू शकते. सौम्य क्लिन्झर, ओलसर चेहऱ्यावर ग्लिसरीन व सेरामाइड असलेले मॉइश्चरायझर आणि मुरुमांचे औषध काही दिवस एकाआड एक, एवढे बहुधा पुरते. नाकपुड्यांच्या कडेला व भुवयांत पिवळसर, तेलकट खपल्या असतील, तर मात्र तो मॅलेसेझिया या यीस्टशी निगडित त्वचादाह असू शकतो. त्याला बुरशीरोधक औषध लागते.

खरा धोका औषधांच्या दुकानात आहे. काउंटरवर मागितलेल्या 'चट्ट्यांच्या क्रीम'मध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते. चट्टे चार दिवसांत मावळतात, म्हणूनच ते विश्वासार्ह वाटते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे उसळतात. थांबवल्यास चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून पुन्हा तीच नळी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली. विक्री तरीही थांबलेली नाही.

नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे नाव असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ती चेहऱ्यावर लावू नये. महिनोन्‌महिने लावली असल्यास ती कशी सोडायची, हेही त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारावे.