आमच्या घरचं थिएटर

मागे मी ह्या पानांवर मधुमेह आणि पायांची निगा ह्याबद्दल लिहिलं होतं. ह्या खेपेचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आज मला होम थिएटरच्या स्पीकरांबद्दल लिहायचं आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त नर्सला त्यातलं काय कळतं, असं माझ्या सुनेनेही विचारलं. पण ह्या स्पीकरांपायी आमच्या घरात जे घडलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही दिमोनाला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी मुंबईला एस.एस.सी. होऊन १९६९ साली आईवडिलांबरोबर इथे आले आणि नर्सिंग बेरशेव्याला शिकले. आमच्या ह्यांची ३० वर्षं कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात गेली. कानांत बोळे घालणाऱ्याला तेव्हा सोबती हसायचे. ह्यांना दारूचं नाही, पत्त्यांचं नाही, एकच वेड, जुने हिंदी सिनेमे. म्हणून २००६ साली आम्ही एक होम थिएटरचा खोका घेतला. डीव्हीडी प्लेअर, पाच चिमुकले स्पीकर आणि एक सबवूफर. मुलांनो, ह्याला ५.१ म्हणतात. पाच म्हणजे समोर तीन आणि बाजूला दोन. तो टिंबानंतरचा एक म्हणजे सबवूफर, तो फक्त खर्जातले आवाज काढतो, ढगांचा गडगडाट, डग्ग्याचा घुमारा वगैरे.

गेली तीन-चार वर्षं ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं. आधी आवाज वाढवत होते, मग सिनेमा लावणंच कमी झालं. "हल्ली सगळे पुटपुटतात," म्हणायचे. विचारावं एक आणि उत्तर यावं दुसरंच. सात वाजता जायचं आहे म्हटलं तर आठ वाजता कपडे घालून तयार. सहा वर्षांची नात येऊन काही सांगायची, हे नुसतं हसून मान हलवायचे. एकदा ती मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "साफ्ता, सबा माझ्यावर रागावलेत का?"

मी नर्स ना! माझ्या डोक्यात लगेच विसरण्याचा आजार आला. मी गुपचूप परीक्षा घ्यायला लागले. आज वार कोणता, तारीख काय, काल आपल्याकडे कोण आलं होतं. एक दिवस हे म्हणाले, "तू मला रोज तारीख का विचारतेस? कॅलेंडर तुझ्या पाठीमागेच आहे." मी ओशाळले, पण मनातली भीती काही गेली नाही. कोणाला बोलले नाही. रात्री उठून ह्यांच्याकडे बघत बसायची.

२०२४ च्या नोव्हेंबरात ह्यांना ८० वर्षं झाली. नातू नुकताच सैन्यातून सुटून कामाला लागला होता. सबाला सिनेमा नीट ऐकू यावा म्हणून त्याने पहिल्या पगारांतून नवी यंत्रणा आणली. नवा रिसीव्हर, माझ्या कमरेएवढे दोन उभे स्पीकर, आणि फ्रिजच्या खालच्या अर्ध्या भागाएवढा सबवूफर. तो त्याने कोपऱ्यात ठेवला, कारण कोपऱ्यात खर्ज वाढतो. मधला छोटा स्पीकर जुनाच राहू दिला, पैसे संपले म्हणून.

शब्बाथ निघाल्यावर त्याने दाखवण्यासाठी एक लढाईचा सिनेमा लावला. पहिल्याच स्फोटाला शोकेसमधले पेले वाजले, माझ्या तळपायाला लादी थरथरलेली कळली. मुलं टाळ्या पिटायला लागली. तेवढ्यात जिन्यावरून कोणी ओरडल्यासारखं ऐकू आलं. दार उघडून बघते तर खालच्या मजल्यावरच्या मोरोक्कोच्या बाई. वय ८६, आमची शेजारीण ४० वर्षांची. गाऊनमध्ये, अनवाणी, एका हातात औषधांची पिशवी आणि दुसरा हात कठड्याला. १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी इराणची क्षेपणास्त्रं नेगेववर आली तेव्हा जे हादरे बसले ते होऊन दोन महिनेही झाले नव्हते. तिला वाटलं पुन्हा आलं, आणि ह्या वेळी सायरनही वाजला नाही. मी तिला जिन्यातच पायरीवर बसवलं, रक्तदाब बघितला. आकडा इथे लिहीत नाही. नातू मागे उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक. कशाचा आवाज काय करतो हे त्याला कोणी शिकवायला नको. आत जाऊन त्याने प्लगच उपटला.

पुढच्या आठवड्यात तो वाचूनबिचून आला. कागदावर हिशेब करून त्याने मला दाखवलं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सबवूफरचा खर्ज, म्हणजे सेकंदाला ४० कंपनं, त्याची एक लाट साडेआठ मीटर लांब. आमची बसायची खोलीच पाच मीटर! अशी लाट भिंतीला जुमानत नाही, लादीतून खाली उतरते. आणि बोलण्यातले बारीक आवाज, सेकंदाला ४००० कंपनांचे, त्यांची लाट साडेआठ सेंटिमीटर. ती फुलदाणीलासुद्धा अडते. त्याने सबवूफर कोपऱ्यातून काढला, खाली जाड रबराची चटई घातली, आवाज अर्ध्यावर आणला. रात्री नऊनंतर बंद, दुपारी दोन ते चार बंद. खाली जाऊन तिची माफी मागितली. तिने त्याला जेवूनच वर सोडलं.

मग ह्यांच्या आवडीचा 'बूट पॉलिश' लावला. १९५४ चा. त्यात जॉनचाचा झालेत ते आपले डेव्हिड, डेव्हिड अब्राहम चेऊलकर, ठाण्यात जन्मलेले बेने इस्राएल. मुलांनो, तुमच्या आजीआजोबांना विचारा, ते सांगतील. हे खुर्ची पुढे ओढून बसले आणि पाच मिनिटांत मागे टेकले. मी उठून त्या उंच नव्या स्पीकरला कान लावला. चिडीचूप! दुसऱ्यालाही लावला, तोही मुका. मला वाटलं, पैसे पाण्यात गेले. नातू हसला. म्हणाला, जुना सिनेमा मोनो, त्याचा आवाज एकाच धाग्याचा. रिसीव्हर तो सगळाच्या सगळा मधल्या स्पीकरकडे धाडतो. नव्या सिनेमांतही माणसांचं बोलणं बहुतेक मधल्यातूनच येतं. बाजूचे वाद्यांसाठी नि गडबडीसाठी.

आणि तो मधला स्पीकर कुठे होता? माझ्या शोकेसमध्ये, खालच्या फळीवर, पितळेच्या फुलदाणीमागे, आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून मी स्वतः विणलेलं क्रोशाचं दुहेरी कापड. १८ वर्षं! पावाच्या लादीएवढा तो डबा बिचारा गुडघ्यांशी बोलत होता. कापड काढलं, फुलदाणी हलवली, तसा डेव्हिडचा आवाज खोलीत आला. पुढच्या महिन्यात मधला स्पीकर नवा, मोठा घेतला, टीव्हीच्या खाली बाहेर काढून ठेवला आणि खाली लाकडाची पाचर देऊन तोंड कानांकडे वर केलं. तुमच्या मुलांनी स्पीकर घेऊन द्यायचं काढलं तर आधी मधला मागा, मोठा डबा नंतर बघू.

त्या संध्याकाळी हे जॉनचाचाचं एकेक वाक्य त्याच्याबरोबर म्हणत होते. पण बेबी नाझ आणि रतनकुमार ही दोन मुलं बोलायला लागली की गप्प. "पोरं काय म्हणाली?" दर वेळी हाच प्रश्न. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. पुरुषाचा भारी आवाज पोचतो, मुलांचा पातळ आवाज पोचत नाही. सात आणि आठ ह्यांतला स गळतो. नात बोलते तेव्हा सबा नुसतं हसतात.

मी एक कागद घेतला, तारीख, वार, काल कोण आलं, उद्या काय करायचंय असे आठ प्रश्न ठसठशीत अक्षरांत लिहून दिले. आठही बरोबर! वर म्हणाले, "हे तोंडी विचारायला काय झालं होतं?" मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

वॉर्डात ३८ वर्षं मी नव्या मुलींना शिकवलं: म्हाताऱ्या माणसावर ओरडू नका, ओरडलं की आवाज चढतो आणि चढलेलाच आवाज त्यांना कळत नाही. समोर उभं राहा, तोंड दिसू द्या, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोला. आणि घरी? चुलीकडे तोंड करून, पाठमोरी, किंचाळत होते.

कुपात होलिममध्ये कान तपासले. कागदावरची रेघ डावीकडे, खर्जाच्या बाजूला, बरी होती. मग ४००० कंपनांशी विहिरीत पडल्यासारखी खाली. गिरणीच्या गोंगाटाने कान जातो तो आधी तिथेच. त्यात वयाची भर. म्हणजे जो खर्ज ह्यांना धड ऐकू येत होता तोच आम्ही फ्रिजएवढ्या डब्याने वाढवला होता! यंत्र घालायला दोन महिने तयार नव्हते. "म्हातारा दिसेन," म्हणे. ८० व्या वर्षी! शेवटी नातीने सांगितलं म्हणून घातलं. पहिल्या दिवशी कागदाचा चुरचुराट, नळ, माझ्या बांगड्या, सगळ्याचा त्रास झाला. महिन्याभराने सवय झाली. नातीचं सगळंच ऐकू येतं असं नाही. पण आता ती समोर येऊन उभी राहते, ह्यांचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवते आणि मग बोलते. मी काही शिकवलं नव्हतं.

शब्बाथ निघाल्यावर कधी कधी खालच्या बाईही वर येतात. सबवूफरपासून लांबची खुर्ची त्यांची. हिंदी त्यांना ओ की ठो कळत नाही. हे सिनेमा थांबवून थांबवून त्यांना हिब्रूत सांगतात, आणि नात मधेच ह्यांच्या हिब्रूच्या चुका काढते. त्यामुळे दोन तासांचा सिनेमा चार तास चालतो. नऊ वाजले की सबवूफर बंद करायचं काम त्या बाईंनी स्वतःकडे घेतलं आहे.