पिशव्या सांभाळणारीची जागा

चि. छकुलीस,


तुमच्याकडे थीम पार्कचं काम आलंय आणि जागा शहापूरच्या बाजूला, समृद्धी महामार्गाजवळ बघणं चाललंय, हे ताईकडून कळलं. आनंद झाला. मग परवा फोनवर तू म्हणालीस, की मालकांना लांबून दिसेल असं मोठ्ठं काहीतरी हवंय, मग तीन-चार वेगवेगळी जगं, आणि उरेल त्या जागेत बाग नि बाकं. ते शेवटचं मला पटलं नाही. फोनवर वाद नको म्हणून लिहायला बसले.

मोठ्ठं काहीतरी हवंच. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते तेव्हा मुरबाडहून येणाऱ्याला आधी आकाशपाळणा दिसतो, गाव नंतर. पोरं एसटीच्या खिडकीतूनच ओरडायला लागतात. वॉल्ट डिस्नेने १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा फाटकातून आत येणाऱ्याला सरळ रस्त्याच्या टोकाशी एक किल्ला दिसेल अशी योजना केली होती. पाय आपोआप तिकडे वळतात. सगळ्या बागेभोवती त्याने मातीचा बांध घातला, त्यावरून आगगाडी फिरवली, म्हणजे आत आलेल्याला बाहेरचं गाव दिसायला नको. विचार करून केलेलं काम आहे ते, आणि तुझ्या धंद्यातले लोक आजही त्याच्याकडून शिकतात.

पण म्हशाला बांध नाही, तरी तिथे वेगवेगळी जगं आहेत. खांबलिंगेश्वराच्या, म्हणजे आपल्या म्हसोबाच्या देवळाकडे नारळ, गुलाल आणि नवस फेडणाऱ्यांची गर्दी. पुढे जिलबी, गोडीशेव, खाजा. मग तमाशाच्या कनाती, मौत का कुआ, पाळणे. घोंगड्यांच्या बाजारात पाऊल टाकलं की लोकरीचा वास येतो आणि आवाज एकदम खाली बसतो, कारण घोंगड्यांच्या थप्प्या तो पिऊन टाकतात. कुठे काय आहे याची पाटी लागत नाही, नाकाला नि कानाला कळतं.

आणि बैलबाजार. तो तू नीट पाहिलेला नाहीस. लहानपणी तुला पाळण्यांपासून कुणी हलवूच शकलं नाही. भल्या पहाटे जावं लागतं. धुकं असतं, शेकोट्या असतात, बैलांच्या नाकातून वाफ निघत असते. शेतकरी आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतो, दोन दाती का चार दाती. मग खांद्यावरून हात फिरवतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. भावाची वेळ आली की जुन्या वळणाचे दलाल अजून हातात हात घेतात आणि वर टॉवेल टाकतात. टॉवेलाखाली बोटं दाबली जातात, एक, दोन, पुन्हा एक. दोघांचे डोळे एकमेकांकडे, तोंडातून शब्द नाही. शेजारी उभ्या असलेल्या घरच्यांनाही भाव कळत नाही. घरची वर्षाची कमाई त्या टॉवेलाखाली ठरत असते. हाकेच्या अंतरावर मौत का कुआमध्ये दिवसभर मोटरसायकली गरजणार असतात. जत्रेत मी पाहिलेली सगळ्यात रोमांचक गोष्ट या दोन्हींतली कुठली, असं कुणी विचारलं तर मी टॉवेलच सांगेन.

जत्रा फार चांगली असं मी म्हणत नाही. धूळ असते, कर्णे एकमेकांवर ओरडत असतात, बायकांच्या मुताऱ्यांचे हाल तर सांगू नयेत. ते सगळं तुझ्या पार्कात नक्की चांगलं होईल. पण जत्रेत ज्याला काहीच नको त्यालाही कुठेतरी टेकता येतं. घोंगडीवाला बसा म्हणतो. ओळखीची बैलगाडी असते, तिच्या सावलीत भाकरी सोडता येते. वॉटरपार्कात तसं नसतं.

एका वॉटरपार्कात आपण सगळे गेलो होतो, आठवतंय? तुम्ही पोरं पाण्यात होता. तुझी आजी सात जणांच्या पिशव्या, चपला, मोबाईल घेऊन एका खांबाशी उभी होती. बसायला होतं ते खाण्याच्या दुकानापुढे, आणि काही घेतल्याशिवाय तिथे बसू देत नव्हते. डोक्यावर स्पीकर. ऊन सरकेल तशी ती खांबाभोवती सरकत होती. तिकीट तिचंही पूर्ण काढलं होतं. घरी आल्यावर "कसं वाटलं?" असं तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही, कारण ती काही खेळायला आली आहे असं कुणी धरलंच नव्हतं.

छकुले, प्रत्येक कुटुंबात अशी एक बाई असते. आजी, पोटुशी सून, अंगावर पिणारं मूल असलेली आई, कधी चक्कर येणारे आजोबा. तिच्यासाठी आराखड्यात पहिली रेघ ओढ. झाडाची सावली हवी, पाठ टेकायला हवी. पाळण्यातून उतरणारं आपलं पोर तिला तिथूनच दिसायला हवं. पाणी जवळ, संडास जवळ. काही विकत न घेता बसता यावं. आणि स्पीकर नको. ही जागा पैसे मिळवत नाही असं मालक म्हणतील. त्यांना सांग, घरी जायची वेळ पोरं ठरवत नाहीत, ही बाई ठरवते. तिचे पाय दुखले की चार वाजताच सगळे निघतात.

तिला नुसतं बसवूनही ठेवू नकोस, तिलाही काही दाखव. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका पार्कात नायट्रो नावाचा प्रचंड रोलर कोस्टर आहे. तो माझ्यासारखीच्या कामाचा नाही. पण तिथेच 'आय फॉर इंडिया' आहे. खुर्चीत बसायचं, पाय अधांतरी, आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर आपला देश वरून बघत जायचं. म्हातारीलाही उडाल्याचा आनंद होतो आणि पोटात ढवळत नाही. हॉलंडमधल्या एफ्टेलिंग पार्कमध्ये १९५२ साली परीकथांचं रान उभं केलं, अँटोन पीक या चित्रकाराच्या कल्पनेतून. खरी झाडं, खरी वळणं, झाडांआड एकेक गोष्ट. तिथे एक लठ्ठ्या कचरापेटी होऊन बसलाय, तोंड उघडून कागद मागतो आणि ओढून घेतो. त्याला द्यायला पोरं कागद शोधत फिरतात! एवढ्याशा गोष्टीत मूल रमतं, आणि शेजारच्या बाकावरच्या आजीलाही ते बघताना हसू येतं.

दुसरी गोष्ट वाटेची. मुंबईची पोरं गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायची, १९८९ पासून, तेव्हा खाडी ओलांडून लाँचने जावं लागे. जाताना उत्साह साठत जायचा, परत येताना वाऱ्यावर तो निवायचा. बांधणाऱ्यांनी ती लाँच काही मौजेसाठी ठेवली नव्हती, गोराईची जागाच तशी, पण त्या दिवसाला सुरुवात नि शेवट मिळायचा. तुमच्या जागेला महामार्ग लागूनच असेल. गाडी लावली की तिकीट खिडकी, असं करू नकोस. पाच मिनिटं तरी चालव लोकांना.

चालवायचं कसं, ते आपल्या तालुक्याच्या वेशीवर दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी कळलं होतं. वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढ. आधी रान, घाम, काही दिसत नाही. मग दगडात खोदलेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी कडे जवळ येतात, वाट अरुंद होते. तिथेच गुहा. भिंतींवर नागणिका राणीचा ब्राह्मी लेख, केलेल्या यज्ञांची नि दिलेल्या दानांची नोंद. सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते, आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा उरल्यात. तिथे सगळे हळू बोलायला लागतात, कुणी सांगावं लागत नाही. आणि मग नळीतून वर निघालं की जकातीचा दगडी रांजण, पठार, नानाचा अंगठा, आणि खाली अख्खं कोकण. तो देखावा अंगावर येतो तो गुहेत थांबून आल्यामुळे. थेट गाडीने वरच्या बाजूला जाणारे पावसाळ्यात उलटा धबधबा बघतात, व्हिडिओ काढतात आणि जातात. माळशेजला काचेचा स्कायवॉक करायचं सरकारने जाहीर केलंय, तिथेही माझा प्रश्न हाच आहे, काचेपर्यंत माणूस कुठल्या वाटेने येणार?

एक कडवट गोष्टही लिहिते, कारण ती तुला कुणी बैठकीत सांगणार नाही. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, बायका हंडे रांगेत लावतात. तिथे लाटांचा तलाव आणि घसरगुंड्या करणार असाल तर पाणी कुठून, किती, आणि वापरलेलं पुन्हा किती फिरवणार, हे आधी कागदावर घे. पाड्यावरच्या पोरींना तुम्ही फुगे विकायला नि झाडू मारायला ठेवाल. त्यांच्या मुलांना वर्षातून काही दिवस तरी फुकट आत सोडा, ही मागणी तू लावून धर. जागेवर मोह, ऐन, साग असतील. झाडं मोजून घे आणि वाटा त्यांच्याभोवतून फिरव. मोहाचं झाड लावून वाढायची वाट बघायला तुमच्या मालकांना वेळ नसेल, आणि सावली तर उद्घाटनाच्या दिवशीच लागणार आहे.

यंदा पौष पौर्णिमेला रजा टाक. रात्रीच ये, म्हणजे पहाटे बैलबाजार गाठता येईल. पाळणे दुपारी बघू. तुमच्या त्या मोठ्या साहेबांनाही घेऊन ये, भाकरीची सोय मी करते. आणि आराखड्याची छापील प्रत पाठव, मोबाईलवर मला बारीक रेघा दिसत नाहीत. बाकं मी लाल पेन्सिलीने मोजणार आहे.

तुझी,
मावशी
सरळगाव, ता. मुरबाड