ओस्लोच्या विमानतळावर उपयोगी पडणारे शब्द

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत आजोबा जहाजावर नोकरीला होते आणि वडील कुवेत-दुबईला. आताची मुलंमुली त्याहून लांब जाऊ लागली आहेत. कुणी जर्मनीत, कुणी स्वीडनमध्ये, कुणी नॉर्वेत नोकरी करतं. नातवंड झालं की अम्मीला बोलावणं येतं. अब्बा असले तर दोघं जातात, नाहीतर ती एकटीच निघते.

आखातात जाताना तिला भाषेची धास्ती नसते. उर्दू-हिंदी बोलणारा कुणी ना कुणी भेटतो आणि कुराण वाचल्यामुळं अरबी अक्षरंही ओळखीची असतात. नॉर्वेत हे दोन्ही आधार सुटतात. तिथं बहुतेकांना इंग्रजी येतं, पाट्यांवरही नॉर्वेजियनच्या जोडीला इंग्रजी असतं. पण ज्या अम्मीला इंग्रजीही येत नाही, तिला दोन्ही सारखंच. अशा वेळी थोडे शब्द देवनागरीत लिहून पर्समध्ये ठेवलेले असले, तर माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसत नाही. म्हणून हा लेख.

बंदर आणि अक्षरं

ओस्लोचा मोठा विमानतळ शहराच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर गार्डेर्मुएन इथं आहे. तो १९९८च्या ऑक्टोबरात सुरू झाला. आत शिरलं की छताच्या भल्यामोठ्या लाकडी तुळया लक्ष वेधून घेतात. विमानतळाला नॉर्वेजियनमध्ये 'लुफ्तहाव्न' म्हणतात. लुफ्त म्हणजे हवा आणि हाव्न म्हणजे बंदर. दर्यावर्दी लोकांनी विमानतळालाही बंदरच म्हटलं. कोकणच्या माणसाला हा शब्द शिकवायची गरज नाही.

या भाषेत २९ अक्षरं आहेत. इंग्रजीची सगळी २६ आणि शेवटी तीन जास्तीची. ए आणि ई एकमेकांना चिकटलेले दिसले तर 'ॲ' म्हणायचं. ए च्या डोक्यावर छोटं वर्तुळ असलं तर 'ऑ'. ओ वर तिरपी रेघ मारलेली असली, तर ओठ गोल करून 'ए' म्हणायचं. जे चा उच्चार बहुधा 'य' होतो.

एका बाबतीत मराठी माणूस इतरांच्या पुढं आहे. ओस्लोकडच्या बोलीत आर नंतर टी आला तर 'ट' होतो आणि एन आला तर 'ण'. युरोपातल्या कितीतरी लोकांची जीभ इथं अडखळते, आपली अडखळत नाही. नकाशा म्हणजे 'काट', मूल म्हणजे 'बाण'. नाव म्हणजे 'नाव्न', आठ म्हणजे 'ऑत्ते', नऊ म्हणजे 'नी', तीन म्हणजे 'त्रे'. हे आपल्या शब्दांचे दूरचे भाऊबंदच आहेत.

पाट्या वाचताना

'आव्गांग' म्हणजे निघणारी विमानं, 'आन्कॉम्स्त' म्हणजे येणारी. 'ऊत्गांग' म्हणजे बाहेर जायची वाट. 'बगाशे' म्हणजे सामान आणि ते ज्या पट्ट्यावर फिरत येतं तो 'बगाशेबॉन'. पासपोर्टला नुसतं 'पास' म्हणतात.

जरा इंग्रजी वाचता येणाऱ्याची फसगत करतील असे तीन शब्द आहेत. 'हॅर्रेर' या पाटीची सुरुवात इंग्रजीतल्या 'हर' सारखी दिसते, पण ते पुरुषांचं स्वच्छतागृह आहे. स्त्रियांसाठी 'दामेर' लिहिलेलं असतं. दुसरा शब्द 'फीरे'. अक्षरं इंग्रजीतल्या 'फायर'ची असली, तरी आग लागलेली नसते. फीरे म्हणजे चार. तिसरा 'तॉल'. आपल्या टोलनाक्याचीच अक्षरं, पण इथं त्याचा अर्थ कस्टम्स, म्हणजे सामानाची जकात तपासणी.

तॉलची लाल आणि हिरवी वाट

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण २००१ पासून शेंगेनच्या व्यवस्थेत आहे. त्यामुळं फ्रँकफुर्ट किंवा ॲमस्टरडॅमला विमान बदललं, तर पासपोर्टची तपासणी तिथंच होते. दुबई किंवा दोहावरून गेलं, तर ती ओस्लोत होते. कुठूनही गेलं तरी तॉल नॉर्वेतच पार करावा लागतो. पुढं बर्गन किंवा स्टावांगरला जायचं असेल, तर सामान ओस्लोत उतरवून घ्यायचं की थेट पुढं जाणार, हे मुंबईत बोर्डिंग पास घेतानाच विचारून ठेवावं.

तॉलला दोन वाटा असतात. सांगण्यासारखं काही नसेल तर हिरवी, असेल तर लाल. इथं आपल्या घरातल्या प्रेमाची खरी परीक्षा असते. नातवासाठी साजूक तूप, मुलासाठी तळलेले कबाब, सुनेसाठी खव्याची मिठाई असं सगळं अम्मी आदल्या रात्री बांधून ठेवते. युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. सापडले तर ते काढून घेतात आणि लपवून नेल्यास दंडही होऊ शकतो. इतक्या मायेनं केलेली वस्तू डोळ्यांसमोर कचऱ्यात जाण्यापेक्षा मसाले आणि चहा न्यावा, कबाब तिथल्या हलाल दुकानातल्या खिम्याचे करावेत. ओस्लोत अशी दुकानं भरपूर आहेत.

विमान उशिरा असलं तर

फलकावर विमानापुढं 'फॉषिंकेत' दिसलं, तर उशीर आहे. या शब्दाच्या पोटात 'शिंक' आहे. शिंक आली की जरा थांबावं, ही समजूत आपण मानत नाही. शब्द लक्षात ठेवायला मात्र ती कामाला येते. 'इन्स्तिल्त' दिसलं, तर विमान रद्द झालं. तेव्हा घाबरून एका जागी बसून राहू नये, विमान कंपनीच्या काउंटरवर जावं. नॉर्वेत युरोपचा प्रवासी हक्कांचा नियम लागू आहे. विमान रद्द झालं किंवा फार रखडलं, तर तिथून निघणाऱ्या प्रवाशाच्या खाण्यापिण्याची आणि रात्र काढावी लागली तर हॉटेलची सोय कंपनीनं करायची असते. हा हक्क आहे, मागायला संकोच नको.

वेळ ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फलकावर २४ तासांचं घड्याळ असतं, तिथं घोटाळा होत नाही. बोलताना मात्र नॉर्वेजियन माणूस 'हाल त्रे' म्हणाला, तर शब्दशः 'अर्धा तीन' होतो. त्याचा अर्थ साडेतीन नव्हे, अडीच. हे विचित्र वाटत असेल, तर आपल्याच 'अडीच'कडं बघावं. तो 'अर्धतृतीय' या संस्कृत शब्दावरून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. आपले पूर्वजही असंच मोजत होते.

खाणं आणि नमाज

विमानातलं मुस्लिम जेवण तिकीट काढतानाच सांगून ठेवावं. विमानतळावर मात्र स्वतःच विचारावं लागतं. 'स्वीन' म्हणजे डुक्कर, 'स्वीनेशेत्त' म्हणजे त्याचं मांस. 'शिंके' म्हणजे डुकराच्या मांडीचं मांस. पावाच्या सँडविचमध्ये ते सर्रास असतं. इथंही शिंक आहे, आणि इथं खरोखरच थांबायचं. टपरीवजा दुकानांतून मिळणारं सॉसेज म्हणजे 'पेल्से'. त्यातही बहुधा डुक्कर असतं. 'ॲर दे स्वीन इ देत्ते?' म्हणजे 'यात डुक्कर आहे का?' हे वाक्य पाठच करावं. मासा 'फिस्क', पाणी 'वान'. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं.

नमाजाच्या खोलीला 'बेन्नेरुम', शांत बसायच्या खोलीला 'स्तिल्ले रुम' म्हणतात. 'वूर ॲर' म्हणजे 'कुठं आहे'. दोन्ही जोडले की प्रश्न तयार. मुंबईत आपण पश्चिमेकडं तोंड करतो, ओस्लोहून काबा आग्नेयेला आहे. आग्नेय म्हणजे 'सेरएस्त'.

माणसांशी बोलताना

'ताक्क' म्हणजे आभार आणि 'तूसेन ताक्क' म्हणजे हजार आभार. आपल्या ताकाची आठवण ठेवली की विसर पडत नाही. या भाषेत 'प्लीज'ला नेमका शब्द नाही, लोक मागतानाही 'ताक्क' म्हणतात. म्हणून त्यांचं बोलणं तुटक वाटलं, तर ते रागावले असं समजू नये. हाक मारायची असेल तर 'उन्शिल', मदत हवी असेल तर 'यॅय त्रेंगेर येल्प'.

'स्नाक्केर दू उर्दू?' हेही विचारून बघावं. १९७०च्या सुमारास पाकिस्तानातल्या पंजाबमधून पुष्कळ कामगार नॉर्वेत आले. त्यांची मुलं-नातवंडं आज तिथं सगळ्या कामांत आहेत. समोरच्या गणवेशातल्या मुलीनं 'जी खाला, बोलिए' म्हटलं तर नवल वाटू नये.

गुडघे दुखत असतील, तर चाकाच्या खुर्चीसाठी, म्हणजे 'रुल्लेस्तूल'साठी, निघण्यापूर्वी किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावं. युरोपातल्या विमानतळांवर तिचे पैसे पडत नाहीत. खुर्ची ढकलणारा माणूस पासपोर्ट, सामान, तॉल सगळं पार करून बाहेरपर्यंत सोडतो. त्यात कमीपणा काही नाही.

हे शब्द घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं मोठ्या अक्षरांत एका कागदावर उतरवून द्यावेत. फोनची बॅटरी संपते, कागद संपत नाही. आणि त्याच कागदावर सगळ्यात वर, नॉर्वेच्या लिपीत, मुलाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहावा. बाकीचा एकही शब्द आठवला नाही, तरी तेवढी ओळ समोरच्याला दाखवली की अम्मी घरी पोहोचेल, इन्शाअल्लाह.