कोबेनचं गप्प होणं

नव्वदच्या दशकातलं रॉक म्हणजे नुसता आरडाओरडा, असं माझ्या वयाची मंडळी म्हणतात. मला नाही पटत. मुलाच्या कॅसेटींमुळे कानावर पडलेला 'निर्वाणा' बँड मला अजून आवडतो. त्यातही न्यूयॉर्कचा 'अनप्लग्ड' कार्यक्रम, १८ नोव्हेंबर १९९३ चा. मंचावर लिलीची फुलं, मेणबत्त्या. कर्ट कोबेननं आपलं सर्वांत गाजलेलं गाणं म्हटलंच नाही. १४ पैकी ६ गाणी तर चक्क दुसऱ्यांची! शेवटी लेडबेलीनं गायलेलं एक जुनं लोकगीत.

एप्रिल १९९४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यानं आत्महत्या केली.

मास्तरकीत एक कळलं. दंगेखोर पोरगा अचानक गप्प झाला, की त्याच्याजवळ जाऊन बसावं. ती गाणी ऐकताना अजून तेच वाटतं... असो.