शंभर दाणे

मे महिन्यात आमच्या घरी एक काम ठरलेलं. बाबा घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. त्यावर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उघडून कोंब मोजायचे. सत्तर आले तर बियाणं चांगलं. कमी आले तर पेरताना जास्त टाकायचं, नाहीतर दुसरं शोधायचं. धाडच्या शिवारात पाऊस जूनमध्ये येतो, पण बाबांची पेरणी मेमध्येच सुरू झालेली असायची.

२०२२ च्या सुरुवातीला मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, घाटीत एमडीला लागलो. विषय भूलशास्त्र. बाबा गावात सांगायचे, "पोरगा भुलीचा डॉक्टर होऊन राह्यला."

तिसरं वर्ष लागलं तेव्हा सुट्टीत घरी आलो. बाबांनी विचारलं, "पुढं कुठं? काही पाहून ठेवलं का?"

"परीक्षा तर होऊ द्या बाबा. प्रबंधही बाकी आहे."

"पाऊस पडल्यावर बियाणं पाहत नसतात रे."

मी हसलो. मेडिकलमधलं यांना काय कळतं, असं मनात आलं.

रेसिडेन्सीत तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच विचारलं, मीही तेच उत्तर दिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलडाण्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. ती बातमी मला गावच्या किराणा दुकानदाराने फोनवर सांगितली!

सरकारी कॉलेजातून एमडी झालं की एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. टाळली तर पन्नास लाख दंड. रिकाम्या जागांची यादी येते, आपण पसंतीक्रम भरायचा, गुणवत्तेनुसार जागा मिळते. माझ्या खोलीतल्या मित्राने तिसऱ्या वर्षीच चार रुग्णालयं पाहून ठेवली होती. भुलीचं यंत्र कसं आहे, सर्जन किती, रात्री जोडीला कोण, राहायला खोली आहे का. मी मात्र शेवटच्या रात्री मोबाइलवर ऐकीव नावं बघून क्रम भरला. गावाजवळच्या जागा पार खाली टाकल्या. नेमणूक आली चारशे किलोमीटरवर.

त्या श्रावणात बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री कळा सुरू झाल्या, बाळाचे ठोके कमी झाले. नेलं तिथं सिझेरियन करणारे डॉक्टर होते, भूल देणारं कुणी नव्हतं. तिथून पुढं पाठवलं. मी फोन कानाला लावून खोलीत फेऱ्या मारत होतो. पहाटे बाबांचा फोन आला. "सुटली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्याच कामासाठी अडलं होतं सगळं." आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

आता ज्युनियर पोरं विचारतात, "सर, नोकरीचं कधी पाहू?" मी सांगतो, तिसरं वर्ष लागलं की लगेच. कुठं राहायचं, हे आधी घरच्यांशी बोला. जिल्ह्यातले तीन महिने नुसती हजेरी म्हणून काढू नका. सुट्टीत दोन-तीन ठिकाणं डोळ्यांनी पाहून या. खासगीत जायचं तर करार लेखी घ्या. रात्रीच्या ड्यूट्या किती, सोडायचं तर नोटीस किती, हे वाचून सही करा. हे सगळं परीक्षेच्या चार-पाच महिने आधी उरका. शेवटचे दोन महिने फक्त पुस्तक. निकाल लागला की मेडिकल कौन्सिलमध्ये पदवीची नोंद करायला उशीर नको.

बंधपत्राचं वर्ष संपवून मी बुलडाण्याला आलो. त्यासाठीची बोलणी आठ महिने आधी सुरू केली होती.

यंदा मेमध्ये घरी गेलो. बाबांचा हात आता थरथरतो, म्हणून दाणे मी मोजले. सहाव्या दिवशी भाचीला मांडीवर घेऊन गोणपाट उघडलं. कोंब आले अडुसष्ट.

बाबांनी एकदा कोंबांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे.

"थोडं जास्त टाकू," ते म्हणाले. "अजून वेळ आहे."